धाकट्याची बारी



वसंत ऋतूत गावातल्या लोकांनी संध्याकाळी एकत्र जमून व्याख्यान ऐकावे ही प्रथा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. तेव्हापासून गावोगावच्या मांडवांत वेदांतापासून अर्थशास्त्रापर्यंत बहुतेक विषय बोलून झाले आहेत. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते निम्मे वाचनालयात आणि निम्मे कारखान्याच्या फाटकाबाहेर. तेव्हा विद्वानांच्या विषयात पाय घालण्यापेक्षा, जे आम्ही लहानपणापासून डोळ्यांनी पाहिले आणि ज्याचा आमच्या धंद्यात आम्हांला रोज उपयोग झाला, त्यावरच बोलावे असे ठरवले. तो विषय म्हणजे सवाल-जवाब. त्यातही एका बाजूला मुरलेला शाहीर आणि दुसऱ्या बाजूला मिसरूड फुटू लागलेला पोरगा उभा राहिला, म्हणजे काय होते आणि काय व्हावे, हा.

पत्रकावर विषय छापला गेल्यावर दोन तऱ्हेच्या मंडळींनी आम्हांला रस्त्यात गाठले. वडीलधाऱ्यांनी विचारले, ‘तमाशावर बोलणार का?’ तरुणांनी विचारले, ‘काका, रॅप बॅटलवर बोलणार का?’ दोघांनाही आम्ही हो म्हटले, आणि दोघेही थोडे नाराज होऊन गेले. ज्येष्ठांना रॅप म्हणजे परदेशी आरडाओरडा वाटतो आणि पोरांना शाहिरी म्हणजे आजोबांची पेटी वाटते. आमचे म्हणणे असे की, या दोहोंचे गोत्र एक आहे. आणि ते ध्यानात आले तर दोन्ही पिढ्यांचा फायदा आहे.

प्रथम तरुणांचा खेळ ज्येष्ठांना समजावून सांगतो. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स या गरीब वस्तीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी जमैकाहून आलेल्या कुटुंबातल्या एका तरुणाने, ज्याला कूल हर्क म्हणत, एका इमारतीत नाचगाण्याचा जलसा केला. हिपहॉप नावाच्या चळवळीचा आरंभ त्या रात्रीपासून मोजतात. तालावर यमके जुळवीत झपाट्याने बोलणे म्हणजे रॅप. दोघे समोरासमोर उभे राहून, आळीपाळीने, एकमेकांची उणीदुणी काढीत असे बोलू लागले म्हणजे ती बॅटल. ज्याचा शब्द तिखट, ज्याचे यमक अनपेक्षित, ज्याने समोरच्याचाच बाण उलटवला, त्याच्या बाजूने लोक ओरडतात. आपल्याकडे ‘गली बॉय’ या २०१९ सालच्या हिंदी चित्रपटाने हा खेळ घरोघर पोहोचवला. पण मुंबईच्या वस्त्यांतली पोरे त्याआधीपासून तो खेळत होती, आणि आता मराठीतही खेळतात.

आता ज्येष्ठांचा खेळ तरुणांना सांगतो. कथा अशी की, तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर यांचा चंदेरीच्या दरबारी कवनांचा सामना झाला. कोणी कोणाला हटेना. तेव्हा राजाने आपल्या मुकुटाचा तुरा एकाला दिला आणि कलगी दुसऱ्याला दिली. त्यातून दोन पंथ निघाले. तुरेवाले शिवाला मोठे मानतात, कलगीवाले शक्तीला. इतिहासाच्या कसोटीला ही कथा किती उतरते ते पंडितांनी पाहावे. आम्हांला तिच्यातली एक गोष्ट फार आवडते. राजाने एकाला मुकुट आणि दुसऱ्याला हाकलपट्टी असा निकाल दिला नाही; मुकुटाचेच दोन अलंकार काढून दोघांना दिले. गोसाव्यालाही दिला, फकिरालाही दिला.

ही परंपरा माळव्यात गेली, राजस्थानात गेली आणि महाराष्ट्रात तिने मूळ धरले. पेशवाईच्या उत्तरकाळात पुण्यात फडांची चढाओढ चाले, तेव्हा डफावर थाप मारणारे हे लोक कोण होते? होनाजी गवळी होता, त्याचा जोडीदार बाळा करंजकर शिंपी होता. परशराम शिंपी होता. सगनभाऊ मुसलमान शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारा. राम जोशी आणि अनंत फंदी यांच्यासारखे ब्राह्मणही त्यांच्यात येऊन मिळाले. दूध घालणारा, कपडा शिवणारा, तरवार घासणारा आणि पोथी वाचणारा हे एका फडावर समोरासमोर येऊ शकत होते, अशी त्या काळी दुसरी जागा कोणती होती, ते आम्हांला कोणी सांगावे.

कोकणात याच परंपरेला शक्ती-तुरा म्हणतात आणि तिच्याबरोबर जाखडीचा नाच असतो. मध्ये शाहीर, ढोलकीवाला, झांजवाला. भोवती पायांत चाळ बांधलेल्या नाचणाऱ्यांचे रिंगण. गौरीगणपतीत रायगड-रत्नागिरीकडे ज्याने ही रात्र काढली नाही तो कोकणी कसला! मुंबईच्या लोकांनी याला ‘बाल्या नाच’ हे नाव दिले. घरगडी म्हणून राबणाऱ्या कोकणी माणसाच्या कानात बाळी असे, म्हणून तो ‘बाल्या’. त्या नावात प्रेम किती आणि तुच्छता किती हे ज्याने ते ऐकून घेतले त्यालाच ठाऊक. दिवसा शेठजीच्या घरी ‘ए बाल्या’ म्हणून हाक ऐकणारा हा माणूस रात्री फडावर उभा राहिला की शाहीर होई, आणि दोन हजार माणसे त्याचा शब्द झेलीत.

आमचे वडील गिरणीत होते. परळच्या दामोदर हॉलमध्ये शक्ती-तुऱ्याचा सामना असला की ते आम्हांला खांद्यावर बसवून नेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावची ती दुनियाच विस्कटली. कोणी गावी गेले, कोणी भाजीच्या गाड्या लावल्या, कोणी पनवेल-कळंबोलीकडे सरकले. आमचे घर सरकणाऱ्यांतले. गिरणी गेली, खोली गेली. पण ढोलकी बरोबर आली. आज पनवेलच्या आसपासच्या वसाहतींत सामने होतात, त्यामागे असा इतिहास आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या खेळात महत्त्वाचे काय? गळा? पाठांतर? हजरजबाबीपणा? हे सर्व लागते. परंतु आमच्या मते या खेळाचा प्राण ‘बारी’ या दोन अक्षरांत आहे. बारी म्हणजे पाळी. जाणत्या फडांचा दंडक असा की, मोठ्या शाहिराला जेवढी बारी तेवढीच नवख्याला. एक गात असता दुसऱ्याने समोर बसून ऐकायचे. उठून जायचे नाही, ढोलकीवर बोट आपटायचे नाही. आणि आपली बारी आली म्हणजे आधी समोरच्याच्या सवालाला जवाब द्यायचा, मग आपला सवाल टाकायचा. जवाब चुकवून नुसते टोमणे मारणाऱ्याला लोक हसतात.

हे तीन नियम वरवर पाहता साधे दिसतात. पण आपल्या समाजात अशी किती ठिकाणे आहेत जिथे लहान माणूस बोलत असता मोठ्या माणसाला बसून ऐकावेच लागते? घरात नाही, शाळेत नाही, कचेरीत नाही, कारखान्यात तर नाहीच नाही. म्हणून सवाल-जवाबाला आम्ही केवळ करमणूक मानीत नाही. कायदेमंडळे येण्याच्या कितीतरी आधी, अक्षरशत्रू म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसांनी आपल्यापुरते घडवलेले हे एक लहानसे विधान आहे.

याचा एक दाखला डोळ्यांसमोर ठेवतो. काही वर्षांपूर्वी पनवेलजवळच्या एका वसाहतीच्या मैदानावर सामना होता. शक्तीच्या बाजूने जे बुवा होते त्यांचे केस फडावरच पांढरे झाले होते. चाळीस वर्षांची गादी. तुऱ्याच्या बाजूचा ठरलेला शाहीर तापाने पडला, म्हणून त्याचा शिष्य उभा राहिला. वय तेवीस. तळोज्याच्या एका कारखान्यात कंत्राटी हेल्पर. कंत्राटदार दर अकरा महिन्यांनी कागदोपत्री कामावरून काढी आणि पुन्हा घेई, अशातला. त्याने आधी बुवांच्या पाया पडून ढोलकीला नमस्कार केला. लोक कुजबुजले, ‘पोरगं तासभरही टिकायचं नाही.’

बुवांनी गण झाला, गवळण झाली आणि सवाल टाकला. देव-दानवांनी समुद्र घुसळला, चौदा रत्ने निघाली. त्यांची नावे सांग, कोणाच्या वाट्याला कोणते गेले ते सांग, आणि त्यात लक्ष्मीहून मोठे कोणते असेल तर तेही सांग. शक्तीवाल्याला शोभेल असाच सवाल. पोरगा उभा राहिला. ऐरावत, उच्चैःश्रवा, कामधेनू, पारिजातक, कौस्तुभ, चंद्र, रंभा, धन्वंतरी, सुरा, हलाहल, अमृत, लक्ष्मी. बारा झाली आणि गाडी थांबली. ढोलकीवाल्याने दोन आवर्तने ताल धरून ठेवला. पोराला शंख आणि धनुष्य काही आठवेना. मागून शिट्ट्या आल्या. कोणी ओरडले, ‘गुगल कर!’

पोराने हात जोडले आणि बाराच आठवली हे चालीतच सांगून टाकले. मग त्याच चालीत त्याने आपला सवाल घातला. त्याचे शब्द आमच्याजवळ उतरवलेले नाहीत. भावार्थ असा : बुवा, रत्ने चौदा निघाली आणि ती वाटली गेली. इंद्राने हत्ती नेला, विष्णूने लक्ष्मी नेली, देवांनी अमृत नेले. पण मंदार पर्वताला गुंडाळून ज्याच्या अंगाची दोरी केली, शेपटीकडून देवांनी ओढला आणि तोंडाकडून दानवांनी ओढला, त्या वासुकीला चौदातले काय मिळाले ते सांगा.

क्षणभर मैदान चिडीचूप झाले. मागे शिट्ट्या वाजवणारी पोरे बहुतेक कंत्राटीच होती. सवालाचा अर्थ त्यांना पुराण न वाचताही कळला.

आणि आता बुवांची पंचाईत पाहा. वासुकीला शंकराने गळ्यात धारण केले, हा जवाब त्यांना पाठ होता. पण तो दिला तर शिवाचे मोठेपण त्यांच्याच तोंडून वदवले जाणार आणि तुऱ्याची सरशी होणार. पोराने सवालात फास ठेवला होता. दुसरा एखादा असता तर ‘कालचं पोर मला पुराण शिकवतं’ म्हणून उखडला असता, पोराच्या बारा रत्नांवरून त्याची टर उडवून वेळ मारून नेली असती. लोकही हसले असते. बुवांनी तसे केले नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, चाल तीच धरली आणि सरळ जवाब दिला, की बाळा, तुझ्या देवाने त्याला गळ्यात घातला, ही गोष्ट खरी, मी शक्तीवाला असलो तरी ती नाकारणार नाही. पण पुढची कडी त्यांची. गळ्यात घालणे हा मान झाला, मजुरीचे काय? मान देऊन मजुरी बुडवणारा मालक तू पाहिला नाहीस का?

बंधूंनो, त्यानंतर जो गलका झाला तो अजून कानांत आहे. कोण जिंकले, याचा वाद पहाटे चहाच्या टपरीवरही मिटला नव्हता. रत्ने मोजणाऱ्यांच्या मते बुवा जिंकले, सवाल मोजणाऱ्यांच्या मते पोरगा. आमचे मत विचाराल तर त्या रात्री बुवांनी पोराला शाहीर केले आणि पोराने बुवांची गादी आणखी दहा वर्षे पुढे नेली. मुरलेल्याने नवख्याचा सवाल गंभीरपणे घेतला, म्हणून नवख्याला उंची आली. नवख्याने नवा सवाल आणला, म्हणून मुरलेल्याला चाळीस वर्षे न गायलेली कडी सुचली. समोर जोडीदार तोलाचा नसेल तर पैलवानाची ताकद अंगातच गंजते. पाटी पुसण्यापूर्वी बुवांनी पोराला जवळ बोलावून उरलेली दोन रत्नेही सांगितली, हे मुद्दाम नमूद करतो. पोरानेही ती मान खाली घालून ऐकली. सवाल चांगला होता म्हणून अभ्यासाची सुटका होत नाही.

आपल्या परंपरेत या प्रसंगाची एक आद्यकथा आहे. योगबळाने चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवांना ज्ञानेश्वरांची कीर्ती कळली. पत्र लिहायला बसले, तर वडील म्हणून लिहावे की धाकटा म्हणून, मायना काय घालावा, हेच सुचेना. शेवटी कोरा कागद पाठवला. तो पाहून चिमुरडी मुक्ताबाई म्हणाली की, चौदाशे वर्षे जगून हा कोराच राहिला! अशी कथा आहे. ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांनी उत्तर दिले, ती ‘चांगदेव पासष्टी’. आणि पुढे त्याच चांगदेवांनी त्याच मुक्ताबाईला गुरू केले. मुक्ताबाईच्या तिखट जिभेचे कौतुक सर्व करतात. आम्हांला चांगदेवांचेही तितकेच वाटते. चौदाशे वर्षांची ज्येष्ठता बाजूला ठेवून एका मुलीचा बोल मनाला लावून घेणे ही साधी गोष्ट नव्हे. आमच्या हयातीत आम्ही चौदा वर्षांची ज्येष्ठता बाजूला ठेवणारा साहेबही क्वचितच पाहिला.

परंतु केवळ बारी मिळाली म्हणजे न्याय झाला, असेही समजू नये. निकाल कोणाच्या हाती, हाही प्रश्न आहे. न्यूयॉर्कचेच उदाहरण घ्या. तिथल्या क्वीन्सब्रिज या सरकारी चाळींच्या वस्तीत रॉक्सान शांते नावाची मुलगी होती. १९८४ साली एका नावाजलेल्या पुरुष गायकांच्या चमूने, आपल्याला भाव न देणाऱ्या रॉक्सान नावाच्या मुलीची टिंगल करणारे गाणे काढले होते. या चौदा वर्षांच्या पोरीने त्या मुलीच्या वतीने ध्वनिमुद्रिकेवर असा ठणठणीत जवाब दिला की, साऱ्या देशात जवाबांवर जवाब निघू लागले. पुढच्या वर्षी, १९८५ मध्ये, न्यू म्युझिक सेमिनार या मोठ्या संमेलनातील सामन्यात ती अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. समोर होता बिझी बी, त्या खेळातला जुना खेळाडू. १९८१ मध्ये हार्लेममध्ये कूल मो डी याने त्याचा प्रसिद्ध पराभव केला होता. म्हणजे हरण्याजिंकण्याचे पाणी तो भरपूर प्यायलेला होता. निकाल बिझी बीच्या बाजूने लागला. पुढे परीक्षकांपैकी एकाने कबूल केले की, एवढीशी मुलगी सर्वश्रेष्ठ ठरली तर या कलेला कोणी मान देणार नाही, असे वाटून आपण तिला मुद्दाम कमी गुण दिले.

पाहिलेत? तिला बारी मिळाली, तिने जवाब दिला, लोकांनी तो ऐकला, आणि तरी गुणपत्रिकेवर ती हरली. अशा गुणपत्रिका आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. कामगाराची बाजू बिनतोड आहे, पण ती मान्य केली तर कारखान्याची शिस्त राहणार नाही, हे वाक्य आम्ही निरनिराळ्या खोल्यांत निरनिराळ्या तोंडून ऐकले आहे. परंतु कालांतराने काय होते? आज त्या कलेचा इतिहास सांगताना शांतेचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. हरणे आणि खोटे ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धाकट्याने हा फरक मनाशी पक्का धरला तर तो एका पराभवाने खचत नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे बारीच हिरावून घेणे. स्वातंत्र्य मिळाल्यावर लवकरच, बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, मुंबई इलाख्यात तमाशावर बंदी आली होती. कारण अश्लीलतेचे दिले गेले. तमाशात अश्लीलता नव्हती असे आम्ही म्हणत नाही; पण तो ज्यांच्या घामावर उभा होता त्या महार-मांग-कोल्हाटी कलावंतांची भाकरी त्या हुकुमाने एका रात्रीत हिरावली गेली, आणि पुढे ती बंदी उठवावी लागली. त्याच काळात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ साली उभे केलेले लाल बावटा कलापथक गावोगाव फिरून राज्यकर्त्यांना सवाल करीत होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिराच्या डफाने काय काम केले ते येथील ज्येष्ठांना सांगायला नको. आणि आजची गोष्ट? एप्रिल २०२३ मध्ये राजकारण्यांवर टीका करणारी मराठी रॅपगाणी रचल्याबद्दल दोन तरुणांवर पोलिसांत गुन्हे दाखल झाले. त्या गाण्यांतली भाषा कोणाला शिवराळ वाटेल, कोणाला नाही. भाषा खटकली तर तसे म्हणावे, आरोप खोटा असेल तर खोडून काढावा, चार कडव्यांना आठ कडव्यांनी उत्तर द्यावे. पण सवालाला जवाब द्यायचा असतो. फौजदार पाठवणे म्हणजे जवाब नव्हे. ज्याच्यापाशी जवाब नसतो तोच समोरच्याची ढोलकी फोडायला धावतो.

तरुणांनाही एक शब्द सांगितला पाहिजे. आई-बहिणीवरून शिवी हासडली म्हणजे मोठा वार झाला, असे तुम्हांला वाटते. तो वार नव्हे. शिवीला चाल लागत नाही, अभ्यास लागत नाही, समोरच्याचे ऐकावेही लागत नाही. ती पाठ करून येता येते. त्या पोराचा वासुकीचा सवाल पाठ करून आलेला नव्हता. बुवांनी समुद्रमंथन काढले म्हणून तो सुचला. आधी ऐकले, म्हणून बोलता आले. तुमच्या बॅटलमध्येही जो समोरच्याचे शब्द कान देऊन ऐकतो आणि त्याच शब्दांची गाठ त्याच्याच गळ्यात घालतो, त्याचेच नाव राहते.

आता आमच्या धंद्याबद्दल थोडे. कामगार संघटना मागणीपत्र देते म्हणजे काय करते? सवाल टाकते. व्यवस्थापनाने चर्चेला बसणे, समेट अधिकाऱ्यापुढे येणे म्हणजे बारी मान्य करणे. अनेकदा पगारवाढीपेक्षा मालकाला ही बारीच जास्त झोंबते. ‘पैसे द्यायला आमची ना नाही, पण ही माणसे टेबलापलीकडे खुर्चीवर बसणार हे जमायचे नाही,’ असे एका व्यवस्थापकाने आमच्या तोंडावर सांगितले होते. आमच्याच जिल्ह्यात चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ पर्यंत शेतात नांगर घातला नाही. खोतांनी त्यांना बोलायची बारी दिली नाही, तेव्हा त्यांनी पडीक शेतालाच बोलायला लावले. १९३९ साली मुंबई इलाख्यात कूळकायदा झाला. कोरा कागद चांगदेवानेच पाठवावा असे थोडेच आहे! कधी कधी धाकटाही तो पाठवतो आणि तो वाचणे मोठ्यांना भाग पडते.

पण बोट मालकाकडेच दाखवून चालणार नाही. आमच्या चळवळीतही गादीवर बसलेले बुवा आहेत. कायम कामगारांच्या सभेत कंत्राटी पोरगा काही विचारू लागला की ‘तू अजून सभासद नाहीस, बस खाली’ असे म्हणणारे पुढारी आज पुष्कळ संघटनांत आढळतात. ज्याच्या अंगाची दोरी करून सारा समुद्र घुसळला जातो त्यालाच विचारायची बंदी! हा पोरगा उद्या संघटनेकडे पाठ फिरवील, आणि त्याचा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही. ज्या चळवळीतला म्हातारा तरुणाच्या सवालाला उभा राहून जवाब देत नाही, ती चळवळ संपाने मरत नाही, तहानेने मरते.

शेवटी पनवेलकरांपुढे तीन गोष्टी ठेवतो. त्या खर्चाच्या नाहीत. पहिली, यंदाच्या गणपतीत जिथे सामने ठेवाल तिथे नवख्यांच्या फडाला पहाटे तीन वाजता, खुर्च्या रिकाम्या झाल्यावर उभे करू नका. पूर्ण बारी द्या, तोच ध्वनिक्षेपक द्या. आता मुलींचे फडही उभे राहत आहेत, त्यांना तर ‘कौतुकाची दहा मिनिटे’ देऊन बोळवू नका. दुसरी, आपल्या शहराने वासुदेव बळवंतांच्या नावाने नाट्यगृह उभारले आहे. तिथे एखाद्या रात्री शक्तीचे बुवा, तुऱ्याचे शाहीर आणि मराठीत रॅप करणारी पोरे एकाच मंचावर आणून पाहा. ढोलकी सर्वांना पुरते. तिसरी, निकाल देण्यासाठी पुढारी, प्रायोजक आणि मान्यवर बोलवू नका. लोकांना भांडू द्या. चहाच्या टपरीवर पहाटेपर्यंत भांडण चालले, तर सामना चांगला झाला असे समजा.

आणि या व्याख्यानमालेच्या चालकांना एक विनंती आहे. व्याख्यान संपले की आभार, पुष्पगुच्छ आणि राष्ट्रगीत असा आपला शिरस्ता आहे. आम्ही पाऊण तास बोललो, आपण निमूट ऐकून घेतले. सवाल-जवाबाची थोरवी गाणाऱ्याने एवढ्यावर खाली बसणे बरे दिसत नाही. मागच्या रांगेत काही पोरे मघापासून एकमेकांच्या कानात बोलत आहेत. अध्यक्षमहाराजांची अनुज्ञा असेल तर ध्वनिक्षेपक त्यांच्याकडे न्यावा. जे विचारतील त्याला जवाब देऊ, आणि जे येणार नाही ते त्यांच्याकडून शिकून घेऊ.